सहावी खूण

"आरोपीचा कागद हातात घेण्याआधी, मॅडम, या आठांपैकी किती खुणा तुम्ही मोजल्या होत्या?"

जयश्री भोयेला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. सव्वीस वर्षं ती बोटांचे ठसे पाहत आली होती आणि कितीतरी कोर्टांच्या पिंजऱ्यात उभी राहिली होती. वकील काय काय विचारतात ते तिला पाठ झालं होतं. शिक्षण किती, अनुभव किती, ठसा कुणी उचलला, पाकिटाला सील होतं का, पोलिसांच्या दबावाखाली मत दिलंत का. या शेवटच्या प्रश्नावर ती नेहमी किंचित हसायची आणि "हे खरं नाही" म्हणायची, आणि ते खरंच असायचं, कारण तिच्यावर कुणी कधी दबाव आणलाच नव्हता. पण आज जव्हारच्या कोर्टात समोर उभी असलेली ही रोशनी नावाची वकील, जेमतेम अठ्ठावीसची, कोटाच्या बाह्या जरा लांबच झालेली, विधी सेवेकडून फुकट नेमलेली, हिनं आवाज न चढवता विचारलं होतं, जसं एखादी मुलगी शाळेत बाईंना विचारते, की हे गणित सोडवताना तुम्ही उत्तर आधी पाहिलं होतं का. सकाळी तिला पाहून जयश्रीला बरंच वाटलं होतं. आपल्याकडची पोर काळ्या कोटात, असं. "तशी नोंद ठेवलेली नाही," जयश्री म्हणाली. "नोंद नाही म्हणजे मोजल्या नव्हत्या, की मोजल्या पण लिहिल्या नव्हत्या?" सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. मॅजिस्ट्रेटनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर पोलिसांनी दुसऱ्या कुणाला तरी रिमांडसाठी आणून बसवलं होतं. उरलेली उलटतपासणी उद्या अकराला, असं लिहून घेऊन त्यांनी जयश्रीला मोकळं केलं, आणि ती पिंजऱ्यातून उतरली तेव्हा तिच्या मनात उत्तर आपोआप तयार होतं. पाच. आधी पाचच मोजल्या होत्या.

खटला तसा साधा. गेल्या वर्षी नागली, म्हणजे नाचणी, झोडण्याच्या दिवसांत जव्हारच्या बाजारातलं एक मोबाइलचं दुकान फुटलं. शटर उचकटून आत गेलेल्यांनी काचेचं कपाट रिकामं केलं आणि अडवायला आलेल्या म्हाताऱ्या राखणदाराला, जिवाला, लोखंडी पहारीनं मारलं. त्याचा उजवा हात खांद्यातून अजून वर जात नव्हता. कपाटाच्या काचेवर एकच ठसा कामाचा मिळाला, तोही अर्धा घसरलेला. दोन महिन्यांनी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून सावळा नावाचा चोवीस वर्षांचा मजूर धरला गेला. एका जत्रेतल्या मारामारीत त्याचं नाव पूर्वी आलं होतं, तेव्हा त्याच्या दहाही बोटांचे ठसे एका कागदावर घेऊन ठेवलेले होते. काच आणि सावळा यांचं नातं आठ खुणांचं, म्हणजे रेघा जिथं तुटतात किंवा फुटतात अशा आठ जागा जुळल्याचं, आणि त्या आठ खुणांखाली सही जयश्रीची. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळाला नाही म्हणून तो दहा महिने आतच होता. कोर्टात तो मागच्या भिंतीशी उभा होता, पायांत रबरी चपला, आणि साक्ष चालू असताना तो जयश्रीकडे पाहत नव्हता, न्यायाधीशांकडेही नाही. आपल्याच हाताकडे पाहत होता. बोटं थोडी उघडून, थोडी मिटून.

कोर्टाच्या आवारातून बाहेर पडताना जयश्रीनं स्वतःला चाचपून पाहिलं. राग आला होता का? तसा नाही. भीतीही नव्हती, अजून तरी नव्हती. होतं ते काही वेगळंच, बऱ्याच वर्षांत न जाणवलेलं, कॉलेजात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा पाहिला होता तेव्हासारखं. हे असं कसं होतं, ते पाहायला हवं. लगेच त्याची तिला लाजही वाटली, कारण एक माणूस दोन पोलिसांच्या मध्ये बसून गाडीत चढत होता आणि हिला कुतूहल सुटलं होतं. एसटी डेपोच्या समोर उभं राहून तिनं शहरातल्या आपल्या कार्यालयात फोन लावला. करिष्मा उचलेल हे तिला माहीत होतं. करिष्मा नवी, सहा महिन्यांपूर्वी लागलेली, शिकत होती, आणि जागेवरून उठताना अजून विचारून उठायची. "करिष्मा, एक काम कर. फाईल काढू नकोस. मी सांगते त्या नंबरचा ठसा कॉम्प्युटरवरून काढ, खुणा न केलेला. कागद समोर घेण्याआधी त्यात तुला काय काय दिसतं ते लिही, वेळ घालून सही कर. मग पाच जणांचे कागद मी सांगते ते रेकॉर्डच्या पंकजकडून मागून घे. नावं झाकून द्यायला सांग." "कुणाची केस आहे मॅडम?" "तेच सांगायचं नाही तुला." "म्हणजे माझी परीक्षा आहे का?" "नाही," जयश्री म्हणाली. मग म्हणाली, "तुझी नाही."

जामसरला जाणाऱ्या जीपमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली. भाऊ जामसरला राहायचा, आईबापाच्या जागेवर, आणि जव्हारची साक्ष लागली की ती त्याच्याकडेच मुक्कामाला जायची. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खुंट, मधेच पेंढ्यांच्या उडव्या. मांडीवर फाईल धरून ती हा ठसा तपासला ती मार्च महिन्यातली दुपार परत रचायचा प्रयत्न करत होती. पंखा चालू होता, टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला दगड होता. पाकीट फोडलं तेव्हा वरच तपास अंमलदाराचं पत्र. अटक आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली आहे, तरी सोबतच्या ठशाची तुलना करून मत त्वरित कळवावे. ही वाक्यं इतकी ठरलेली असतात की ती वाचली जात नाहीत, असं ती आजवर समजत आली होती. वाचली नाहीत तर मग आत्ता शब्दन् शब्द कशी आठवतायत? मग तिनं काचेवरचा ठसा भिंगाखाली घेतला होता. शंख होता, म्हणजे रेघा एका बाजूनं येऊन वळसा घेऊन त्याच बाजूनं परत गेलेल्या. वरच्या अंगाला पाच खुणा सरळ होत्या, दोन रेघा तुटलेल्या, दोन फाटे, एक बेट. खालचा भाग घसरलेला, ठसा उठवायच्या पुडीनं काळवंडलेला, तिथं रेघा आहेत एवढंच कळत होतं. ठसा एकाच माणसाचा म्हणायला किमान आठ खुणा, असा कार्यालयाचा प्रघात. मग तिनं सावळाचा कागद घेतला, उजव्या हाताची तर्जनी, आणि पाचही खुणा तिथं होत्या, जागच्या जागी. आणि मग? मग तिनं सावळाच्या बोटावर पुढं पाहिलं होतं. तिथं खालच्या अंगाला एक सुंदर फाटा होता. तो पाहून ती परत काचेच्या ठशाकडे आली होती, आणि त्या काळोखीत, जिथं मघाशी काही नव्हतं, तिथं फाटा होता. सहावी खूण. त्यानंतर सातवी आणि आठवी यायला पाच मिनिटंही लागली नव्हती. त्या वेळी तिला फार समाधान वाटलं होतं. आपली नजर किती तयार झाली आहे, असं वाटलं होतं.

शिकवणारे साहेब सांगायचे की माणसाच्या जबानीवर विसंबू नका, जबानी बदलते, कातडीवरच्या रेघा आईच्या पोटात पडतात त्या सरणापर्यंत. ते सगळं खरंच आहे, जीपचा धक्का सोसत ती स्वतःशी म्हणाली. रेघा बदलत नाहीत. पण रेघा कोर्टात जात नाहीत. कोर्टात मी जाते. आणि माझ्या मतावर दुसऱ्या तज्ज्ञाची जी सही लागते, तीसुद्धा तिला आता दिसायला लागली. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी एका हातात चहाचा कप धरून तिनंच मोठ्या केलेल्या ठशाच्या फोटोवर नजर टाकली होती, ज्याच्यावर तिनं लाल शाईनं आठ बाण आधीच काढलेले होते. बाण जिकडे दाखवतात तिकडे माणूस पाहतो. त्यांनी पाहिलं आणि सही केली. तिनंही त्यांच्या किती फोटोंवर अशाच सह्या केल्या होत्या. किती, याचा अंदाज करायला ती गेली आणि थांबली.

जामसरला ती उतरली तेव्हा भावजय गौरा अंगणातलं खळं सारवत होती. उन्हं कलली होती. नागली झोडायची म्हणून जमीन चोपून गुळगुळीत केली होती, आणि गौरा मागं मागं सरकत शेणाचा हात फिरवत होती, कमानीवर कमान, बोटांच्या चार चार रेघांची. "ताय, त्या कडंनं ये, ओलं हाय," ती म्हणाली. जयश्री कडेनं जाता जाता उभीच राहिली. लहानपणी तिची आई कुणाच्याही घरी गेली की जमिनीकडे पाहून सांगायची, हे सारवण अमकीच्या हातचं. आणि बरोबर असायचं. कुणाचा हात लांब फिरायचा, कुणाचा आखूड, कुणाचं एक बोट वर उचललेलं. जयश्रीला आईच्या या विद्येचा फार अभिमान वाटायचा, पुढं नोकरी लागल्यावर ती सहकाऱ्यांना हे सांगायचीही. पण त्या गोष्टीचा एक तुकडा ती कधी सांगत नसे, आणि आज ओल्या खळ्याशी उभं असताना तिच्या लक्षात आलं की तो ती विसरूनच गेली होती. एकदा त्या दोघी रानातून घरी आल्या तेव्हा ओटी सारवलेली होती. आई म्हणाली, रुपी येऊन गेली. रुपी म्हणजे आईची बहीण. ती त्या दिवशी येणार असा निरोप सकाळीच आला होता. आईनं बोटांच्या कमानी दाखवल्या, बघ, रुपीचा हात डावीकडं झुकतो. जयश्रीला तो झुकलेला दिसला, स्पष्ट. दिवस मावळल्यावर बाप आला आणि हसायला लागला. रुपी आलीच नव्हती, दुपारी त्यानंच सारवलं होतं. आई खाली वाकून परत पाहायला लागली होती. "आता सरळ दिसतंय," असं काहीसं म्हणाली होती, आणि मग सगळीच हसली होती. किती वर्षांची होते मी तेव्हा? आठ? नऊ? हात झुकलेला मला दिसला होता. कुणी मला खोटं बोलायला लावलं नव्हतं.

उजेड होता तोवर ती ओटीवर बसली आणि फाईलमधली कार्यालयाची प्रत काढली. खुणा न केलेला फोटो मांडीवर ठेवला, भिंग डोळ्याला लावलं. आता गंमत अशी की सहावी खूण दिसत होती. तिनं डोळे मिटून उघडले, फोटो उलटा धरला, मान वळवून गौराच्या कोंबड्यांकडे थोडा वेळ पाहून एकदम परत पाहिलं. फाटा तिथंच होता. मुळात नसलेली गोष्ट अशी कशी दिसेल? का ती मुळातच आहे? हे ठरवायला लागणारा डोळा तिच्याकडे आता उरला नव्हता, मार्चमधल्या त्या दुपारी सावळाचा कागद हातात घेण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत होता, मग गेला. ती भिंग हलवत राहिली. पुडीचे कण, काचेवरचा एक ओरखडा, कदाचित घामाचा ओघळ. यांतून रेघ होते आणि रेघ नाहीही होत. तिला त्या काळोख्या पट्ट्याचं विलक्षण आकर्षण वाटायला लागलं. इतकी वर्षं तिनं अशा जागांवरून घाईनं पार होऊन पलीकडचा काठ गाठला होता, आणि इथं थांबायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गौरा हात धुऊन आली, कोरा चहा ठेवला आणि शेजारी टेकली. "कोणाचं बोट हाय?"

"तेच बघते."

"आता बघतंस? तू तर कोर्टात सांगून आलीस ना?"

जयश्रीनं भिंग खाली ठेवलं. गौरानं फोटोवर एक नजर टाकली, तिला त्यात काही रस नव्हता. "तो पोर कुठला म्हनलीस? मोखाड्याकडचा?"

"हो."

"घरी कोण हाय त्याच्या?"

"माहीत नाही गं."

"नाय कसं माहीत? तुझ्या कागदात नाय का?" गौरानं विचारलं, टोमणा म्हणून नाही, सरळ. कागदात नव्हतं. कागदात त्याच्या दहाही बोटांची रेघन् रेघ होती, डाव्या अंगठ्यावरची जुनी कोयत्याची खूणसुद्धा होती, घरी कोण आहे ते नव्हतं. "तुला घाई नाय," गौरा कप उचलत म्हणाली, "तू निवांत बघ. तो आत हाय."

सकाळी साडेनऊला करिष्माचा फोन आला तेव्हा जयश्री जव्हारला पोचून कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर उभी होती. करिष्माचा आवाज दबलेला होता, जणू रात्रभर तिनं वाक्यं जुळवली होती. "मॅडम, आधी मी लिहिलं. पाच खुणा. वरच्या बाजूच्या. खालचं मी वाचू शकत नाही, असंच लिहिलंय. मग पाच कागद पाहिले. चार नंबरच्या उजव्या तर्जनीशी या पाच बसतात. पण मॅडम, दोन नंबरच्या मधल्या बोटाशीही चार बसतात, पाचवी बसते न बसते अशी. म्हणून मी मत दिलं नाही. चुकलं का?"

चार नंबर सावळा. दोन नंबर कुणी भलताच माणूस, तिनं मुद्दाम घातलेला, त्याच घाटाचा शंख म्हणून. "खाली परत पाहिलंस का? कागद बघितल्यावर?"

"पाहिलं. चार नंबरवर खाली फाटा आहे ना, तो बघून आले तर तिथं फाटा आहे असं वाटायला लागलं." करिष्मा थांबली. "तुम्ही दाखवलात तर मला नक्की दिसेल, मॅडम."

समोरून पोलिसांची गाडी वळत होती. जयश्रीनं चहा अर्धा ठेवला. आता भीती होती, यात शंका नव्हती. पण त्या भीतीच्या मागं ते कालचं दुसरंही होतं, शाबूत. दिसलं कसं, ते तिला कळलं होतं.

अकराला ती पिंजऱ्यात चढली. रोशनीनं कालचाच प्रश्न जसाच्या तसा विचारला. "पाच," जयश्री म्हणाली. रोशनीनं मान वर केली. तिच्या हातात पुढच्या प्रश्नांचा कागद होता, तो तिनं हळूच खाली ठेवला. "आणि उरलेल्या तीन?" "आरोपीचा कागद पाहिल्यावर दिसल्या." "आरोपीचा कागद पाहण्याआधी आरोपीनं कबुली दिल्याचं पत्र तुम्ही वाचलं होतं?" "वाचलं होतं." सरकारी वकिलांनी फेरतपासणी मागितली. ते चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते. "मॅडम, तुम्ही लेखी मत दिलंय. ठसा एकाच व्यक्तीचा आहे, निःसंशय. निःसंशय हा शब्द तुमचाच ना?" "माझाच." "मग आज काय बदललं? ठसा बदलला?" "ठसा तोच आहे. मी परत पाहिला. आधी जे पाहिलं त्यात तीन खुणा मी ठशावरून घेतलेल्या नाहीत, कागदावरून ठशावर नेलेल्या आहेत." हे बोलताना तिला आपला आवाज पलीकडून आल्यासारखा वाटला. शेवटी मॅजिस्ट्रेटनी लेखनिकाला थांबवलं आणि स्वतः विचारलं, "बाई, एवढंच सांगा. ठसा आरोपीचा आहे की नाही?"

"सांगता येत नाही, साहेब."

"आहे किंवा नाही."

"तेवढंच सांगता येत नाही."

ते लिहून घेतलं गेलं. खाली सही करताना तिच्या लक्षात आलं की बाहेरच्या बाकावर जिवा राखणदार बसला आहे, डाव्या हातानं उजवा हात मांडीवर धरून. आतलं सगळं त्यानं दारातून ऐकलं होतं. जाताना त्याच्यासमोरून जावं लागणार होतं. ती गेली. पाय आत ओढून त्यानं तिला वाट दिली, आणि ते तिला कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्याहून जड गेलं.

कार्यालयात खुलासा मागवला गेला. आधी दिलेल्या मताशी विसंगत साक्ष का दिली, सात दिवसांत कळवावे. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी येऊन खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही म्हणता ते होतं, हो. माझंही झालेलं आहे. पण ते कोर्टात सांगायचं असतं का?" तिनं खुलासा लिहिला, दीड पानाचा, आणि त्यात साक्षीतलं काहीच मागं घेतलं नाही. त्याच आठवड्यापासून ती नवा ठसा आला की पत्राचं पाकीट पंकजच्या कपाटात ठेवायला लागली. आधी ठसा, खुणा, तारीख, वेळ, सही. मग पाकीट. दुपारी काम कमी असलं की ती आणि करिष्मा जुन्या केसेसमधले ठसे नावं झाकून काढायच्या. बहुतेक जसेच्या तसे जुळत होते, लखलखीत, बारा बारा खुणांनी, आणि तिला आपल्या विद्येबद्दल पूर्वी नव्हती इतकी माया वाटायची. क्वचित एखादा, जुळतो की नाही ते न ठरता, हातात तसाच राहायचा. असा एखादा आला की करिष्मा तिच्या तोंडाकडे बघायची आणि ती करिष्माकडे बघायचं टाळायची, चुकून काही दाखवलं जाऊ नये म्हणून. बाजूला काढलेल्या फाईली दोन होत्या, मग तीन झाल्या. त्यांचं काय करायचं, हे वर लिहून विचारलेलं होतं. उत्तर आलेलं नव्हतं.

साक्षीनंतर तीन आठवड्यांनी सावळा सुटला. रोशनीनं फोन करून सांगितलं, दोनच वाक्यांत, आणि फोन ठेवण्याआधी जरा अडखळत म्हणाली, "तो तुमचा पत्ता विचारत होता. मी जामसरचं, तुमच्या भावाचं घर सांगितलं. चुकलं असेल तर सांगा."

पुढच्या रविवारी, रोशनीकरवी निरोप देऊन, जयश्री भावाकडे आली होती. दुपारची वेळ, भाऊ गुरं घेऊन गेलेला. सावळा वाटेवरून आला, अंगणाच्या तोंडाशी थांबला आणि कुणी ये म्हणेपर्यंत आत आला नाही. तुरुंगातून सुटल्यावर केस कापले होते, त्यानं तो आणखीच लहान दिसत होता. गौरानं त्याला ओटीवर बसायला सांगितलं आणि पाण्याचा तांब्या दिला. तो सगळा तांब्या प्यायला. जयश्री त्याच्या समोर बसली. माफी मागायचं तिनं ठरवलं होतं, वाक्यही मनात केलं होतं, पण त्यानं आधीच बोलायला सुरुवात केली, आणि तो भांडायला आलेला नव्हता.

"बाई, ते बोट माझं नाय ना?"

"मला ठावं नाही, सावळा. तुझं असेल, नसेल. त्या ठशावरून कळत नाही. कळतं असं मी म्हटलं, ते चुकलं माझं."

त्यानं मान डोलावली. हे त्यानं कोर्टात ऐकलं होतं. "मना पहिलं वाटं, मी नाय गेलो. पोलिसांनी मारलं तवा हो म्हनलो, पन आतून ठावं व्हतं, मी नाय. मंग वकीलबाईनी कागद वाचून दाखवला. ते बोट माझंच हाय, सरकारी बाईंनी भिंग लावून बघितलं. निसंशय. मी इचारलं, निसंशय म्हंजी काय. त्या म्हनल्या, म्हंजी शंकाच नाय." तो थांबला. "आत बसून बसून मी रोज बोट बघं. बोट माझ्या हाताला, आनि मना ठावं नाय ते कुठं कुठं गेलतं. त्या दिसांत मी पीत व्हतो थोडी. म्हनलं, गेलो असंल. मंग मना ते दुकान दिसाया लागलं. काच दिसं. काचंला हात लावलेला थंड लागं. मी त्या दुकानात कधी गेलो का नाय ते मना आता कळंत नाय. बाई, तुमी शिकलेल्या. सांगा ना. मी तिथं गेलतो का नाय?"

जयश्रीला एकदम बोलायचं होतं. नव्हतास तू तिथं, जा घरी, असं सांगून टाकायचं होतं, ते दयेचं होतं आणि कदाचित खरंही होतं. तिच्या तोंडून निघालं असतं तर त्यानं तेही मानलं असतं, मागचं मानलं तसंच. तिनं ते तोंडातच धरलं. मग म्हणाली, "मी सांगणार नाही. मला माहीत नाही. त्या रातीचं तुला काय आठवतं ते तू सांग. मी मधे काही विचारणार नाही."

तो जमिनीकडे पाहत राहिला. "बहिनीकडं गेलतो, खोडाळ्याच्या अंगाला. पोलिसांना ह्येच सांगितलं. मेव्हना वसईला कामाला, तो साक्षीला आला नाय."

"नागली झोडायला गेलतास ना रं?" गौरा चुलीकडून म्हणाली. जयश्रीनं तिच्याकडे न पाहता हात वर केला, आणि गौरा दारातच उभी राहिली.

"नागली," तो म्हणाला, आणि परत थांबला, जणू हा शब्द आपला की तिचा ते तपासत होता. "व्हय, नागली व्हती. ते मी सांगितलेलं. सांगून सांगून ते पन आता दुसऱ्याचं वाटतं. बहीन सुपानं वारवत व्हती. ते बी सांगितलेलं." त्यानं डोळे मिटले. बाहेर वाऱ्यानं पेंढा थोडा हलला. जयश्रीला त्याच्या पापण्यांखाली बुबुळं फिरताना दिसत होती, आणि तिनं आपली नजर त्याच्या तोंडावरून काढून खाली घेतली, डोळे उघडल्यावर त्यानं तिच्या नजरेत काही वाचू नये म्हणून.

"पोर," तो म्हणाला. "बहिनीची लहानी पोर. ती रडाया लागली. डोळ्यात कोंडा गेलता तिच्या, वाऱ्यानं. बहिनीचं हात भरलेलं. मी तिला मांडीवं घेतलं. फुकर मारली, निघं ना. पान्यानं नाय निघाला. मंग मी तिचा डोळा असा उघडला," त्यानं दोन बोटं हवेत धरली, अंगठा आणि तर्जनी, एक अगदी लहान पापणी उघडून धरल्यासारखी, "आनि जिभंच्या टोकानं काढला. आमची आय काढं तसा. एवढासा व्हता." त्यानं डोळे उघडले. जयश्रीकडे, मग गौराकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्यालाच आत्ता ऐकू आलं असावं.

"ह्ये मना कोणी इचारलं नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "खारट लागलेलं. तिच्या डोळ्याचं पानी."